ब्रेक ऑइल गळतंय? आधी जागा शोधा, मग पाना उचला

इंजिन ऑइल थोडंफार जळतं, वायपरचं पाणी वापरानं संपतं. ब्रेक ऑइल खर्च होत नाही. पेडल दाबलं की ऑइलवर दाब आणणाऱ्या मास्टर सिलिंडरपासून चाकापर्यंतच्या बंद नळ्यांत ते भरलेलं असतं आणि तिथंच राहतं. त्यामुळे मास्टर सिलिंडरवरच्या ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळी उतरली की एकतर ब्रेक पॅड झिजलेले असतात, नाहीतर ऑइल कुठून तरी बाहेर चाललेलं असतं. तरीही लोक सगळ्यात आधी काय करतात, तर टाकीत आणखी ऑइल ओततात. डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझतो, गळती मात्र चालूच राहते आणि तिची खबर देणारी एकमेव खूणही आपणच पुसलेली असते.

या कामात पाना फिरवणं त्या मानानं सोपं आहे. अवघड भाग म्हणजे गळती नेमकी कुठे आहे ते पुराव्यानिशी ठरवणं. अंदाजानं मास्टर सिलिंडर बदलला आणि गळती मागच्या चाकात निघाली, असं गॅरेजांतही होतं. म्हणून या लेखात शोधाला जास्त जागा दिली आहे.

आधी ठरवा: गाडी चालवायची की नाही

पेडल नेहमीपेक्षा खाली जात असेल, धरून ठेवल्यावर हळूहळू बुडत असेल किंवा चाकाच्या आतल्या बाजूला ओला ओघळ दिसत असेल, तर गाडी गॅरेजपर्यंतसुद्धा चालवत नेऊ नका. टो करून न्या. ‘सावकाश जाऊ’ हा हिशोब इथे लागू पडत नाही. हलक्या ब्रेकला फक्त पाझरणारा सांधा जोरात ब्रेक दाबल्यावर सुटतो, म्हणजे ब्रेकची सगळ्यात जास्त गरज असते नेमका त्याच क्षणी. जोरात ब्रेक मारताना नळीतला दाब सहज ७० ते १०० बारपर्यंत चढतो, तर टायरमधली हवा असते दोन-अडीच बार. एवढ्या दाबापुढे टेप, एम-सील, रबरी नळीचा तुकडा किंवा क्लॅम्प यांपैकी काहीही टिकत नाही.

आजच्या गाड्यांत ब्रेकची दोन स्वतंत्र सर्किटं असतात. एक फुटलं तरी दुसऱ्यावर दोन चाकांचे ब्रेक लागतात, पण पेडल बरंच खाली जातं आणि गाडी थांबायला कितीतरी जास्त अंतर लागतं. ही सोय गाडी कडेला घेण्यापुरती आहे, रोज चालवण्यासाठी नाही.

चालत्या गाडीत पेडल खाली गेलंच, तर ते भराभर पंप करा, गिअर एक-एक करत उतरवा आणि हँडब्रेक बटण दाबून ठेवून हळूहळू ओढा. एकदम खेचला तर मागची चाकं घसरतात. इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक असेल तर बहुतेक गाड्यांत त्याचा स्विच सतत ओढून धरला की नियंत्रित ब्रेक लागतो. इंजिन बंद करू नका, नाहीतर स्टिअरिंग जड होईल आणि बूस्टरची (पेडलचा जोर वाढवणाऱ्या भागाची) मदतही संपेल.

पातळी उतरली म्हणजे गळतीच आहे का?

पॅड झिजतात तसा ते डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरचा पिस्टन थोडा थोडा बाहेर सरकतो आणि त्याच्या मागची वाढलेली जागा टाकीतलं ऑइल भरून काढतं. ही घट महिनोनमहिने चालते आणि अगदी सावकाश होते. म्हणून टाकीचं झाकण उघडण्याआधी चाकातून पॅडची जाडी बघा. पॅड संपत आले असतील आणि पातळी कमाल आणि किमान खुणांच्या मधे असेल, तर वरून ऑइल भरू नका. नवे पॅड बसवताना पिस्टन आत ढकलावे लागतात आणि तेवढं ऑइल परत टाकीत येतं. टाकी आधीच काठोकाठ भरलेली असेल तर ते बाहेर सांडतं. ब्रेक ऑइल गाडीचा रंग खातं, तासाभरात पोपडे निघू शकतात. सांडलं तर लगेच भरपूर पाणी ओता, नुसत्या फडक्यानं पुसू नका.

पातळी काही दिवसांत खाली गेली, किंवा पॅड जाड असूनही उतरली, तर गळती धरून चाला. इथे क्लचचा एक फसवा प्रकार लक्षात ठेवा. हायड्रॉलिक क्लच असलेल्या बऱ्याच मॅन्युअल गाड्यांत क्लचला ऑइल ब्रेकच्याच टाकीतून जातं. चारही चाकं कोरडी आणि नळ्या कोरड्या असूनही पातळी उतरत असेल, तर क्लच पेडलच्या मागे हात घालून बघा आणि गिअरबॉक्सजवळचा, क्लच ढकलणारा स्लेव्ह सिलिंडर तपासा. तो गिअरबॉक्सच्या आत असेल तर बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स यांमधल्या आवरणाच्या) खालच्या भोकाशी ओल दिसते.

झाकण उघडलंच आहे तर त्याच्या आतला रबरी पडदाही बघून घ्या. तो फुगून सैल झाला असेल, परत जागेवर नीट बसत नसेल, तर कोणीतरी टाकीत इंजिन ऑइल, स्टिअरिंग ऑइल असं खनिज तेल ओतलं असण्याची दाट शक्यता आहे. ब्रेकचे रबर खनिज तेलात फुगून निकामी होतात. अशा गाडीत एक सील बदलून भागत नाही. मास्टर सिलिंडर, होज (लवचीक रबरी नळ्या), कॅलिपर, व्हील सिलिंडर (ड्रम ब्रेकमधले) अशी रबर असलेली सगळी यंत्रणा बदलून नळ्या धुवाव्या लागतात, आणि तोवर ती गाडी रस्त्यावर आणू नये.

खाली पडलेला थेंब नक्की कशाचा?

रात्रभर गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा पसरून ठेवा. सकाळी थेंब कुठे पडलेत ते पुठ्ठ्यावर लिहा: पुढचं डावं चाक, ड्रायव्हरच्या पायाखाली, मधोमध. ताजं ब्रेक ऑइल जवळजवळ रंगहीन ते फिकट पिवळं असतं, जुनं चहासारखं तपकिरी होतं. म्हणजे नुसत्या रंगावर भिस्त ठेवता येत नाही.

खात्रीची कसोटी पाण्याची. पारदर्शक पेल्यात पाणी घेऊन त्यात तो थेंब सोडा आणि ढवळा. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही ग्लायकॉल जातीची ब्रेक ऑइलं पाण्यात विरघळतात. इंजिन, गिअर किंवा स्टिअरिंगचं तेल वर तरंगतं. कूलंटही पाण्यात मिसळतं, पण तो बहुधा गडद रंगाचा असतो आणि बोटांना ब्रेक ऑइलइतका बुळबुळीत लागत नाही. चव घेऊन बघण्याच्या फंदात पडू नका, दोन्ही विषारी आहेत. एसीचं पाणी बोटावर चोळलं की लगेच सुकतं.

मागच्या चाकाच्या आत ओल असेल तर घाई करू नका. ज्या गाड्यांचं इंजिन मागची चाकं फिरवतं, त्यांत ॲक्सलचं सील गेलं की गिअर ऑइलही ड्रममध्ये उतरतं. ते दाट असतं, त्याला गंधकासारखा उग्र वास येतो आणि ते पाण्यावर तरंगतं. या दोन गळत्यांची दुरुस्ती पूर्णपणे वेगळी आहे.

पेडलची परीक्षा

गाडी सपाट जागी, चाकांना ठोकळे, इंजिन बंद. पेडल चार-पाच वेळा दाबा म्हणजे बूस्टरमधला व्हॅक्यूम संपेल आणि पेडल कडक होईल. आता मध्यम जोरानं दाबून अर्धा मिनिट धरून ठेवा. ते जागेवर राहिलं पाहिजे. नंतर तीच चाचणी अगदी हलक्या दाबानं करा. झिजलेले सील जोराच्या दाबाखाली ताणून बसतात आणि हलक्या दाबाला चुकवतात, म्हणून दोन्ही प्रकारे बघणं महत्त्वाचं. शेवटी पेडल दाबूनच इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली जाऊन थांबलं तर बूस्टर ठीक आहे. ते थोडंसं खाली जाणं हा दोष नव्हे. बरेच जण त्यालाच गळती समजून घाबरतात.

पेडल हळूहळू बुडतंय आणि टाकीतली पातळीही उतरतेय, तर बाहेर गळती आहे. पेडल बुडतंय पण पातळी तशीच, सगळं कोरडं, तर मास्टर सिलिंडरच्या आतले सील गेलेत आणि ऑइल पिस्टनला वळसा घालून परत टाकीत जातंय. पेडल स्पंजसारखं लागतंय आणि पंप केल्यावर वर येतं, तर नळ्यांत हवा आहे. हवा आपोआप शिरत नाही, त्यामुळे ती कुठून आली हे शोधावंच लागेल. पहिलं दाबणं खोल आणि दुसरं लगेच वर आणि कडक असेल, तर मागच्या ड्रमला आतून दाबणारे शू सैल असू शकतात. तिथे गळती नाही, ॲडजस्टमेंट हवी.

जागा शोधणं

आता गाडी जॅकवर घ्या. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून कधीही तिच्याखाली जाऊ नका. स्टँड लावल्यावर गाडी हातानं हलवून बघा आणि मगच आत शिरा. डोळ्यांवर गॉगल, हातात नायट्राइलचे मोजे. ऑइल डोळ्यात गेलं तर बराच वेळ पाण्यानं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा.

मळलेल्या गाडीवर गळती सापडत नाही. संशयाची जागा ब्रेक क्लीनरनं स्वच्छ करून सुकवा, टाकीवर आताच्या पातळीला चिकटपट्टीची खूण करा. मग मदतनीसाला पेडल दाबून धरायला सांगा आणि तुम्ही टॉर्च घेऊन फिरा. टिश्यू पेपर प्रत्येक सांध्याला गुंडाळून बघितलात तर डोळ्यांना न दिसणारी ओलही कागदावर उमटते.

थेंब जिथे पडतो तिथेच गळती असते असं नाही. ऑइल नळीवरून उताराकडे ओघळत जातं आणि क्लिपशी किंवा वाकणाशी थबकून खाली पडतं. पाठीमागच्या चाकाजवळ पडणारा थेंब हातभर पुढच्या सांध्यातून आलेला असू शकतो. ओल मागे-मागे नेत सगळ्यात उंचावरची ओली जागा गाठा.

बॉनेटखाली टाकीपासून सुरुवात करा. टाकी मास्टर सिलिंडरवर दोन रबरी ग्रॉमेटवर बसलेली असते, ते कडक होऊन पाझरतात. त्यानंतर मास्टर सिलिंडर बूस्टरला जिथे जोडलाय तो सांधा बघा. तिथे खालच्या बाजूला रंग उडाला असेल, बोट फिरवल्यावर ओल लागत असेल, तर मागचं सील गेलंय. ही सगळ्यात फसवी गळती आहे, कारण ऑइल बूस्टरच्या पोटात साचत जातं आणि जमिनीवर एक थेंबही पडत नाही. खात्री करायची तर इंजिन बंद असताना पेडल दाबून व्हॅक्यूम संपवा, मास्टर सिलिंडरचे नट सोडा आणि नळ्यांवर ताण न येऊ देता तो थोडा पुढे ओढून मागे डोकवा. नळ्या लवत नसतील तर जबरदस्ती करू नका.

पुढे एबीएसचा (ब्रेक मारताना चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा) ठोकळा आणि त्याचे सांधे, मग तिथून मागे जाणाऱ्या लोखंडी नळ्या. या नळ्या उघड्यावर क्वचित फुटतात. त्या सडतात क्लिपच्या आत, प्लास्टिकच्या आवरणाखाली, मागच्या ॲक्सलच्या वरच्या बाजूला, जिथे चिखल आणि ओल अडकून बसते. क्लिप उघडून बघा. वरवरचा लालसर थर घासून जातो, पण खपली निघून खड्डा दिसला तर ती नळी संपली, आज कोरडी असली तरी.

होज पाइप दोन बोटांत वाकवून बघा. भेगा, ओल, घासल्याच्या खुणा शोधा. मदतनीस पेडल दाबत असताना होज फुग्यासारखा एखाद्या जागी फुगला, तर तो बदलायचाच. पुढची चाकं पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून होज कशाला घासत नाही ना ते बघा.

चाकांच्या बाबतीत एकच नियम. टायरची आतली भिंत ओली असेल तर त्याच चाकाचा कॅलिपर, व्हील सिलिंडर किंवा होज. ड्रममधल्या व्हील सिलिंडरचं रबरी बूट स्क्रूड्रायव्हरनं अलगद उचला. आतून ऑइल ओघळलं तर निदान पक्कं झालं. आतली धूळ हवेच्या फवाऱ्यानं उडवू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओली करून पुसा.

इतकं करूनही जागा सापडली नाही आणि पेडल बुडतच असेल, तर मास्टर सिलिंडरची तोंडं योग्य मापाच्या प्लगनं बंद करून पेडल दाबणं ही शेवटची कसोटी. पेडल दगडासारखं कडक झालं तर मास्टर सिलिंडर चांगला आहे, दोष पुढे आहे.

दुरुस्तीआधी हाताशी काय हवं

ब्रेक नळीच्या नटांसाठी लाइन पाना घ्याच. हा बंद तोंडाचा, पण नळी आत जाईल एवढी फट असलेला पाना असतो. साध्या उघड्या पान्यानं मऊ नटाच्या कडा गोल होतात आणि मग दहा मिनिटांचं काम दिवसभर चालतं. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारा, पण ते उघड्या रबरावर किंवा पॅडवर जाऊ देऊ नका. याशिवाय टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानं आवळण्यासाठी), पारदर्शक नळी, बाटली, ब्रेक क्लीनर, आणि गाडीच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या जातीचं सीलबंद ब्रेक ऑइल.

सीलबंदच का? हे ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ चा उत्कलनबिंदू कोरडा असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ३.७ टक्के पाणी शिरलं की प्रमाणित किमान १५५ वर येतो. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४०, तर डॉट ५.१ साठी २६० आणि १८०. उतारावर ब्रेक तापला की पाणी शोषलेलं ऑइल उकळतं, वाफ दबते आणि पेडल खाली जातं. उघडून महिनोनमहिने ठेवलेला डबा म्हणूनच वापरू नये. डॉट ५ हे सिलिकॉनचं वेगळं ऑइल आहे. नाव सारखं दिसलं तरी ते ५.१ च्या जागी किंवा त्यात मिसळून चालत नाही.

आणखी एक उपयोगी युक्ती: नळी सोडली की टाकी रिकामी होत राहते. पेडल तीन-चार सेंटिमीटर खाली दाबून काठीनं सीटला टेकवून ठेवलं, तर साध्या मास्टर सिलिंडरमध्ये टाकीकडची भोकं बंद होतात आणि गळणं थांबतं. ब्रेक लाइट पेटलेले राहतील, म्हणून त्यांचा फ्यूज काढा.

कुठे गळतंय, त्याप्रमाणे काय करायचं

सांध्याचा नट किंवा ब्लीडिंगचा (नळ्यांतली हवा काढण्याचा) निपल पाझरत असेल तर आधी योग्य टॉर्कनं घट्ट करून बघा. थांबला नाही तर जास्त आवळू नका. बसण्याची जागा खराब झालेली असते आणि आवळून ती आणखी बिघडते. निपल नवा घाला. होज कॅलिपरला जोडणाऱ्या बँजो बोल्टच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे वॉशर असतात. ते एकदाच दबण्यासाठी बनवलेले असतात, बोल्ट सोडला की दोन्ही नवे.

होज बदलताना लोखंडी नळीचा नट आधी सोडा, होज धरून ठेवा, नळी पिळू देऊ नका. नवा होज पीळ न पडता बसला पाहिजे, बहुतेकांवर त्यासाठी सरळ रेघ असते. एका बाजूचा होज वयानं गेला असेल तर त्याच ॲक्सलचा दुसराही बदलावा, असं माझं ठाम मत आहे.

लोखंडी नळी सडली असेल तर सांध्यापासून सांध्यापर्यंत पूर्ण बदला. सडका तुकडा कापून मधे कॉम्प्रेशन फिटिंग घालणं ब्रेकमध्ये अजिबात चालत नाही. गाडीच्या मापानं तयार वाकवलेली नळी मिळाली तर उत्तम. स्वतः बनवायची असेल तर तांबे-निकेल मिश्रधातूची नळी घ्या. ती गंजत नाही आणि हातानं वाकते. नुसत्या तांब्याची नको, ती कंपनांनी कडक होऊन तडकते. टोकाची फ्लेअर (नळीची पसरवलेली कड) दोन प्रकारची असते, दुहेरी आणि बुडबुड्याच्या आकाराची. जुन्या नळीवर जी आहे तीच करा, एकमेकांच्या जागी त्या बसत नाहीत आणि गळतात. लोखंडी नळीला एकेरी फ्लेअर कधीच नाही. फ्लेअर पाडण्याआधी नट नळीत ओवायला विसरू नका. आधी दोन-तीन तुकड्यांवर सराव करा. फ्लेअर वाकडी, तडकलेली किंवा ओरखडलेली असेल तर कापून पुन्हा पाडा. नवी नळी जुन्याच वाटेनं, सगळ्या क्लिप लावून, सायलेन्सरपासून दूर न्या.

व्हील सिलिंडरचं काम करताना एका वेळी एकच बाजू उघडा, म्हणजे स्प्रिंग कुठे कसे होते ते दुसऱ्या बाजूला बघता येतं. फोटोही काढा. ड्रम निघत नसेल तर हँडब्रेक सोडलाय ना बघा, मग ॲडजस्टर मागे घ्या. आधी नळीचा नट, नंतर सिलिंडरचे बोल्ट. नवा बसवताना बरोबर उलट मोह होतो: सिलिंडर पक्का आवळून मग नळी लावायची. तसं केलं की नट तिरका जातो आणि आटे जातात. सिलिंडर सैल ठेवून नळीचा नट हातानं चार-पाच आटे फिरवा, मगच बोल्ट आवळा आणि शेवटी नट. रबर किट घालून जुना सिलिंडर वाचवता येतो, पण आतली भिंत आरशासारखी असेल तरच. नखाला खड्डा लागला तर नवा घ्या.

कॅलिपरचंही तेच. पिस्टनवर गंजाचे खड्डे असतील तर नवं सीलही लवकर जाईल. कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवू नका, तारेनं बांधा. पिस्टन हवेच्या दाबानं काढताना समोर लाकडाचा ठोकळा ठेवा आणि बोटं दूर. तो गोळीसारखा सुटतो आणि बोटं मोडतात. नवा कॅलिपर बसवल्यावर ब्लीडिंगचा निपल वरच्या बाजूला आहे ना ते बघा. डावा-उजवा अदलाबदल झाला तर निपल खाली येतो, वर अडकलेली हवा कितीही ब्लीडिंग केलं तरी निघत नाही आणि माणूस विनाकारण मास्टर सिलिंडरवर संशय घेत बसतो.

ऑइलनं भिजलेले पॅड किंवा शू धुऊन, घासून, भाजून परत वापरू नका. ऑइल आत मुरलेलं असतं आणि तापल्यावर बाहेर येतं. ॲक्सलच्या दोन्ही बाजूंचे बदला, नाहीतर गाडी एका बाजूला ओढेल. डिस्क आणि ड्रम ब्रेक क्लीनरनं स्वच्छ करा.

मास्टर सिलिंडर बदलायचा तर गाडीवर चढवण्याआधी त्यातली हवा बाकावरच काढा. तो शिकंजात आडवा धरून तोंडांना छोट्या नळ्या लावा, त्यांची टोकं टाकीतल्या ऑइलमध्ये बुडवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत पिस्टन हळूहळू दाबा. ही पायरी गाळली की नंतर पेडल कडक होत नाही. बूस्टरमध्ये ऑइल साचलेलं दिसलं तर बूस्टरही तपासून घ्या, आतला पडदा त्यानं खराब होतो.

एबीएसचा ठोकळाच गळत असेल किंवा इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक असलेला मागचा कॅलिपर काढायचा असेल, तर हे काम दोष शोधणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण असलेल्या गॅरेजकडे द्या. त्या कॅलिपरचा पिस्टन सर्व्हिस मोडमध्ये न नेता ढकलला तर मोटर जाते.

हवा काढणं

क्रम गाडीच्या पुस्तकात असतो. बऱ्याच गाड्यांत मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात दूरच्या चाकापासून सुरुवात करून जवळच्याकडे येतात, पण तिरकी सर्किटं असलेल्या गाड्यांत तो वेगळा असू शकतो. टाकी भरा आणि दर सात-आठ दाबांनंतर बघत राहा. टाकी एकदा रिकामी झाली की सगळं पहिल्यापासून. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, म्हणजे ते तळापर्यंत जाणार नाही. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये रोजच्या वापरात न येणारा भाग खरबरीत झालेला असतो आणि तिथवर गेलेलं सील फाटतं.

१. निपलवर पारदर्शक नळी चढवा, दुसरं टोक बाटलीतल्या थोड्या ताज्या ऑइलमध्ये बुडलेलं ठेवा.

२. मदतनीस सावकाश पेडल दाबून ‘दाबलं’ म्हणेल आणि धरून ठेवेल.

३. निपल पाव ते अर्धा फेरा सोडा. ऑइल आणि बुडबुडे येतील, पेडल खाली जाईल.

४. पेडल खालीच असताना निपल बंद करा आणि मगच ‘सोड’ म्हणा. हा क्रम उलटा झाला की हवा परत आत ओढली जाते.

५. बुडबुडे थांबून स्वच्छ ऑइल येईपर्यंत चालू ठेवा. निपल पुस्तकातल्या टॉर्कनं आवळा, रबरी टोपी घाला.

पेडल हळू दाबायचं. भराभर पंप केलं तर मोठा बुडबुडा फुटून बारीक होतो आणि काढायला अवघड जातो. बाटलीत आलेलं ऑइल स्वच्छ दिसलं तरी टाकीत परत ओतू नका. चारही चाकं झाल्यावरही पेडल स्पंजसारखंच असेल आणि गाडीला एबीएस असेल, तर हवा त्या ठोकळ्यात अडकली असणार. ती काढायला पंप आणि झडपा उपकरणानं चालवाव्या लागतात. तासन्‌तास पेडल दाबत बसून ती निघत नाही.

रस्त्यावर नेण्याआधी

सगळे सांधे पाण्यानं धुऊन पूर्ण कोरडे करा. इंजिन चालू ठेवून पेडल पूर्ण जोरानं एक मिनिट दाबून धरायला सांगा आणि दुरुस्त केलेल्या प्रत्येक सांध्याला पुन्हा टिश्यू लावा. कागद कोरडाच निघाला पाहिजे. किंचित ओलही मान्य करू नका. चाकं बसवली, गाडी खाली घेतली की निघण्याआधी पेडल काही वेळा दाबून कडक करून घ्या. नवे पॅड बसवल्यावर पहिला ब्रेक रिकामा जातो, आणि तो भिंतीसमोर जायला नको.

पहिली चाचणी मोकळ्या सपाट जागेत, चालण्याच्या वेगानं, हँडब्रेक लागतोय याची खात्री करून. मग थोडा वेग वाढवत. गाडी एका बाजूला ओढत असेल तर ज्या बाजूला ओढते तिच्या विरुद्ध बाजूचा ब्रेक कमी लागतोय. तिथे हवा, भिजलेला पॅड किंवा अडकलेला पिस्टन शोधा. दुसऱ्या दिवशी आणि आठवड्यानं पातळी बघा, पुठ्ठा पुन्हा टाका. काढलेलं जुनं ऑइल बंद बाटलीत भरून टाकाऊ ऑइल घेणाऱ्यांकडे द्या, गटारात किंवा मातीत नाही. ते इंजिन ऑइलमध्ये मिसळू नका.

यातलं काही जमण्यासारखं वाटलं नाही तर शोधापर्यंतचं काम स्वतः करून दुरुस्ती गॅरेजला द्या. त्यांना ‘ब्रेक बघा’ एवढंच सांगू नका. पातळी किती दिवसांत किती उतरली, पुठ्ठ्यावर थेंब कुठे पडले, इंजिन बंद असताना पेडल बुडतं का, हे लिहून द्या आणि काढलेला जुना भाग परत मागा. त्यावरची ओली किंवा सडलेली जागा दाखवायला सांगा, म्हणजे बदललेलाच भाग गळत होता हे दोघांनाही दिसेल.